पाहुण्याचा आवाज

आमचे हे जन्मभर दुसऱ्यांसाठी बोलले. स्वतःसाठी बोलायची वेळ आली की दोन शब्दांत आटपायचे. मला मागणी घालायला आले, तेव्हा दारात उभं राहून "मी आलोय" एवढंच म्हणाले. माझ्या वडिलांना वाटलं, विजेचं मीटर बघायला माणूस आलाय. त्यांनी यांना जिन्याखाली नेऊन मीटर दाखवलं, आणि यांनी ते निमूटपणे पाहिलंही!

धंदा मात्र बोलण्याचाच. आमच्या टॉकीजला परदेशी सिनेमे लागायचे आणि त्यातलं अवाक्षर कोणाला कळायचं नाही. म्हणून पडद्याच्या डाव्या अंगाला एक छोटा चौथरा केला होता. त्यावर स्टूल, पुठ्ठ्याने झाकलेला दिवा आणि माईक. हे तिथे बसायचे आणि पडद्यावरच्या सगळ्यांचं बोलायचे. नायकाचं, नायिकेचं, नायिकेच्या बापाचं, वेळ पडली तर कुत्र्याचंही. गावात यांना नावाने कोणी ओळखायचं नाही, 'बोलका' म्हणायचे. "आज बोलका आहे ना?" असं खिडकीवर विचारून मगच लोक तिकीट काढायचे. खिडकीत मी होते, म्हणून मला माहीत.

नवा सिनेमा आला की ऑपरेटर तो रिकाम्या टॉकीजमध्ये यांना एकदा दाखवायचा. सिनेमाबरोबर गोष्टीचा कागद यायचा, तो बहुतेक वेळा भलत्याच सिनेमाचा असायचा. हे म्हणायचे, कागद हवाय कशाला? तोंडं बघितली की कळतं कोण कोणाला काय म्हणतंय. सासू-सुनेचं भांडण खिडकीच्या काचेतून बघा, एक शब्द ऐकू आला नाही तरी सगळं समजतं की नाही? तर असा एकंदर कारभार. पडद्यावरची ती गोरी-घारी माणसं खरोखर काय बोलत होती हे त्यांचं त्यांना ठाऊक. आम्हाला ती आपल्या शेजारी राहणाऱ्यांसारखीच वाटायची.

त्यात एका वर्षी पाहुण्यांचा सिनेमा आला. आकाशातून तबकडी येते, मैदानात उतरते, आणि आपली माणसं नि परग्रहावरचा कोणी पहिल्यांदा समोरासमोर उभे राहतात. नंतर असले पुष्कळ आले, पण पहिला तो पहिला. हे 'परग्रहवासी' वगैरे जड शब्द वापरायचे नाहीत. म्हणायचे, "पाहुणा. दारात आला तो पाहुणा, मग कुठल्या का ग्रहाचा असेना." सगळ्या गावाने तोच शब्द उचलला. सिनेमा इतका चालला की रीळ झिजून पाहुण्याच्या अंगावर पांढऱ्या रेघा दिसायला लागल्या, असं ऑपरेटर सांगायचा.

सांगायचा म्हणते, कारण मी तो सिनेमा पाहिलाच नाही! लोकांना हे खोटं वाटतं. टॉकीजमध्ये नोकरी आणि सिनेमा पाहिला नाही, म्हणजे हलवायाने पेढा न चाखण्यातला प्रकार. पण मध्यंतरापर्यंत उशिरा येणाऱ्यांसाठी खिडकी उघडी ठेवायची, आणि मध्यंतर झालं की पुढच्या खेळाची रांग लागलेली. मी उठणार कधी? माझ्या पाठीशी जी भिंत होती, तिच्या पलीकडेच यांचा चौथरा. भिंत कसली, प्लायवूडच. त्यातून शब्दन् शब्द ऐकू यायचा. मी पाठ टेकून ऐकत बसायचे. अख्खा सिनेमा तोंडपाठ झाला, आणि चेहरा एकही माहीत नाही.

नाही, एक चेहरा माहीत होता. पोस्टरवरचा. पेंटरनेही सिनेमा पाहिला नव्हता. त्याने आपल्या मनाने पाहुणा रंगवला होता. हिरवागार, तीन डोळे, बाहेर आलेले सुळे, आणि मुठीत किंचाळणारी बाई. ते ध्यान माझ्या खिडकीच्या शेजारीच टांगलं होतं. त्यामुळे भिंतीपलीकडून हे तोंडाला पत्र्याचा डबा लावून गरजायचे, "कोणी हलायचं नाही! हा भाग आमच्या ताब्यात आहे!", तेव्हा हा आवाज कोणाचा हे मला कोणी सांगायची गरजच नव्हती. गल्लीतली पोरं बादलीत डोकं घालून तेच ओरडत हिंडायची.

त्यामागोमाग दुसरा आवाज यायचा. त्याला डबा नाही, काही नाही, यांचा स्वतःचा आवाज. "घाबरू नका हो. मी वाट चुकलोय. थोडं पाणी मिळेल का?" मी समजायचे, कोणी वाटसरू असेल बिचारा, या भानगडीत सापडलेला. तो आवाज आला की माझे हात थांबायचे. बाहेरून लोक ओरडायचे, "अहो बाई, तिकीट देताय ना, की उद्या येऊ?" खरं सांगते, मी त्या आवाजावर भाळले. माणूस नीट पाहिला तेव्हा फार उशीर झाला होता, असं मी चारचौघांत म्हणायचे आणि हे मान खाली घालून हसायचे.

काय दिवस होते ते! खेळ सुटला की लोक पाहुण्यासारखे चालत घरी जायचे, पाय न वाकवता. यांच्या खिशात कायम लवंगा. घशाला जपायचे म्हणजे किती जपायचे, भर उन्हाळ्यात गळ्याभोवती मफलर. मी चिडवायचे, "अहो, गळा आहे की लोणच्याची बरणी?" पुढे सिनेमे आधीच आपल्या भाषेत बोलायला शिकून यायला लागले आणि बोलक्याचं काम संपलं. टॉकीजही पडलं. हे एका रंगाच्या दुकानात लागले. तिथे बोलणं ते काय? "पिवळा? फिकट की गडद?" झालं. तो सगळा आवाज मग घरी आमच्या मुलीच्या वाट्याला आला. तिला झोपवताना राक्षस, राजा, म्हैस, सगळे हजर.

गेल्या वर्षी यांचा घसा बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, गाठ आहे, स्वरपेटी काढावी लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. यांनी नुसती मान डोलावली. आत नेताना मला म्हणाले, "माझ्या चपला उचलून ठेव, कोणीतरी नेईल." त्या आवाजातलं हे शेवटचं वाक्य. जगाला इतके संवाद दिले या माणसाने, आणि माझ्या वाट्याला चपला! मी उचलून ठेवल्या, दुसरं काय करणार?

जीव वाचला, हे थोडं नाही. गळ्याला छिद्र राहिलं, त्यावर फडका बांधायचा. हॉस्पिटलातल्या बाईंनी एक यंत्र दिलं, छोट्या विजेरीएवढं. हनुवटीखाली दाबून धरायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे, की त्यातून आवाज निघतो. चढ नाही, उतार नाही. डब्यात भुंगा कोंडल्यासारखा एकच सूर. घरी आल्यावर यांनी त्या यंत्रातून पहिला फोन ऑपरेटरला केला, इतक्या वर्षांचा दोस्त. त्याला वाटलं, कोणीतरी टवाळ पोरगं थट्टा करतंय. त्याने फोन ठेवला. यांनी पुन्हा लावला, त्याने पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा सणसणीत शिवी हासडली. खरं कळल्यावर बिचारा धावत आला, हात जोडले, ढसाढसा रडला. पण यांनी ते यंत्र कपाटात स्वेटरांच्या खाली ठेवलं ते ठेवलंच. महिने लोटले, तोंडाला कुलूप.

बोलणं चालायचं पाटीवर. आणि पाटीवरचं भांडण म्हणजे काय असतं ते मला विचारा! मी चार वाक्यं फाडफाड बोलून स्वयंपाकघरात निघून जायचे. हे लिहीत लिहीत मागून यायचे. मला उत्तर नको असलं की मी चष्मा काढून ठेवायचे. मग हे पाटी माझ्या नाकाशी आणायचे आणि मी म्हणायचे, "दिसत नाही हो, बोला ना!"

मला एकच हवं होतं. यांनी बोलावं. कसंही, कुठल्याही आवाजात, पण बोलावं. घरात हाडामासाचा माणूस असून घर मुकं, यासारखा छळ नाही. मी समजूत घालायचे, "अहो, तुमचा पाहुणा नाही का डब्यातून बोलायचा? गाव टाळ्या वाजवायचं. तसाच तर आहे हा आवाज. मग लाज कसली?" मी हे इतक्या मायेने सांगायचे आणि दर वेळी यांचा चेहरा उतरायचा. जोरजोरात मान हलवायचे, पाटी ओढून काहीतरी खरडायचे. तोवर मी उठून गेलेली असायचे.

दुपारभर आम्ही टीव्हीवर सिनेमे बघायचो. यांना पाहुण्यांचेच हवे असायचे. त्यामुळे मी आता त्या विषयातली जाणकार झालेय. जुन्या सिनेमातला पाहुणा शिस्तीचा. दिवसाढवळ्या यायचा, मोकळ्या मैदानात उतरायचा, दार उघडून जिना खाली सोडायचा. मग कोणीतरी भित्रा शिपाई घाबरून गोळी झाडायचा आणि पुढचं रामायण. पण तासाभरात काय ते स्पष्ट व्हायचं. मारायला आलाय तर मारायला, सांगायला आलाय तर सांगायला. नव्या सिनेमातले पाहुणे येतात तेच मुळी धुक्यात. बोलत नाहीत, खात नाहीत, जात नाहीत. सरकार त्यांना भेटायला एक बाई पाठवतं, आणि त्या बाईच्या घरी आधीच काहीतरी दुःख झालेलं असतं. जसं काही सुखी बाईला परग्रहावर प्रवेशच नाही! पूर्वी तबकडी दोरीला टांगलेली दिसायची, तरी लोक घाबरायचे. आता डोंगराएवढं यान खरंखुरं वाटतं, आणि मला जांभई येते. एकदा मी यांना म्हटलं, "या नव्यांत तुम्ही काय बोलला असता हो?" यांनी पाटीवर लिहिलं, "यांना बोलका नकोच आहे." आणि लगेच पुसून टाकलं.

अशात एके दिवशी वाचनालयातली मुलगी आली. वाचनालयाच्या हॉलमध्ये ती दर महिन्याला सिनेमा दाखवते. केस कापलेले, बोलणं गोड, पायात दोन रंगांचे मोजे. म्हणाली, "काकू, आम्ही जुने पाहुणे आणि नवे पाहुणे असा कार्यक्रम करतोय. एक जुना सिनेमा, एक नवा, लागोपाठ. म्हणजे फरक कळेल. जुन्यांमध्ये ते नेहमी धमकी द्यायला यायचे, नव्यांमध्ये समजून घ्यायला येतात. माणूस तेव्हा भ्यायचा, आता रडतो." मला ते पटलं. मग म्हणाली, "तुमच्या टॉकीजमधला तो सिनेमा मी मिळवलाय. पण भाषा परकी. बोलके काका येतील का पूर्वीसारखं बोलायला?"

हे आतल्या खोलीत होते. बिचारीला ऑपरेशनचं माहीतच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा पोरगी कानापर्यंत लाल झाली आणि उठायलाच लागली. मला काय झालं कोण जाणे, मी तिला हाताला धरून बसवलं. म्हटलं, "मी बोलते. मला सगळा पाठ आहे. आणि हे येतील, पहिल्या रांगेत बसतील." माझ्या डोक्यात एवढंच, की टॉकीजसारखा अंधार असेल, समोर लोक असतील, यांना हुरूप येईल.

ती गेल्यावर पाटी समोर आली. "नाही." खाली दोन रेघा. मग, "तू तो पाहिलेला नाहीस."

"ऐकलाय! तुम्ही पाहिला नसेल इतक्यांदा ऐकलाय!"

"ऐकून कळत नाही."

"मग बरोबर काय ते तुम्ही बोला. यंत्र आहे की कपाटात."

पाटी पुसली गेली आणि हे खिडकीकडे तोंड करून बसले. वाचनालयातल्या मुलीने दोनदा फोन करून विचारलं, "काकू, आधी एकदा सिनेमा बघून घेता का?" मी म्हटलं, "पाठ आहे म्हटलं ना!" माझा हा स्वभावच. हातच्या काकणाला आरसा कशाला, अशातली मी.

कार्यक्रमाच्या दिवशी मी बिस्किटांचा रिकामा डबा पिशवीत टाकला आणि यंत्र चार्ज करून त्याच्या शेजारी ठेवलं. यांनी ते पाहिलं. इस्त्रीचा शर्ट घातला आणि गळ्याला मफलर गुंडाळला.

हॉल भरला होता. अर्धे आमच्या वयाचे, टॉकीज आठवणारे, आणि अर्धी तरुण पोरं. ऑपरेटरही आला होता. मला पडद्याच्या डाव्या बाजूला खुर्ची आणि माईक. सुरुवात झकास झाली. शास्त्रज्ञाची खोली, त्याची करवादलेली बायको, फोनवर फोन, सगळं मी धडाधड म्हणत गेले. लोक पूर्वी हसायचे तिथे हसत होते. मी मनात म्हटलं, वा गं वा, नोकरीत उगाच खिडकीत बसले!

मग तबकडी उतरली. धूळ बसली. दार उघडलं, जिना खाली आला, आणि जन्मात पहिल्यांदा मी पाहुण्याला पाहिलं. हिरवा नाही, सुळे नाहीत. एक उंच, किडकिडीत जीव, लांब हात, अंगात सैल झगा, उन्हाने डोळे मिचकावणारा. मी गोंधळले. पण भिंतीमागून ऐकलेला क्रम मला पाठ होता. मी डबा तोंडाला लावला आणि गरजले, "कोणी हलायचं नाही! हा भाग आमच्या ताब्यात आहे!"

पाहुण्याचे ओठ मिटलेले. कॅमेरा मागे गेला, तर तिथे एक मिशीवाला पोलीस अधिकारी एका हातात बंदूक, दुसऱ्यात कर्णा धरून गाल फुगवून ओरडतोय. हॉलमध्ये हशा पिकला. मी घाईने पुढचं वाक्य घेतलं, "घाबरू नका हो, मी वाट चुकलोय, थोडं पाणी मिळेल का?" आणि ते नेमकं त्या मिशीवाल्याच्याच चेहऱ्यावर पडलं. बंदूक रोखलेला अधिकारी गयावया करून पाणी मागतोय! लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. एकजण ओरडला, "अहो, साहेबांना कोणीतरी पाणी द्या!"

मी डबा खाली घेतला. भिंतीमागे बसून इतकी वर्षं मी उलटंच ऐकलं होतं. डबा पोलिसाचा होता. पाहुणा आपल्या साध्या आवाजात बोलत होता, यांच्या आवाजात. सगळ्या सिनेमातला एकच माणूस, ज्याला यांनी कसलीही नक्कल न करता स्वतःचा आवाज दिला होता, तो पाहुणा. आणि मी रोज उठून यांना सांगत होते, तुमचा पाहुणा असाच डब्यातून बोलायचा, मग लाज कसली! पाटीवर हे काय खरडत होते ते मला तिथे कळलं.

तेवढ्यात हे उठले. असा रागावलेला यांचा चेहरा मी जन्मात पाहिला नव्हता. तरातरा आले, पिशवीत हात घातला, माझ्या हातून माईक घेतला. मफलर सोडला. यंत्र हनुवटीखाली दाबलं.

"थांबवा," यंत्र गुणगुणलं. "मागे घ्या."

वाचनालयाच्या मुलीने सिनेमा मागे नेला. कुठूनतरी एक दबलेलं हसू आलं आणि कोणीतरी त्याला गप्प केलं. तबकडी पुन्हा उतरली. यांनी माझ्याकडे पाहून हात केला, आधी तू. मी डबा घेतला आणि पोलिसाच्या तोंडावर पोलिसाचं वाक्य बोलले. मग पाहुणा दोन पायऱ्या उतरला, ओठ उघडले, आणि हे बोलले.

"घाबरू नका हो."

तोच एकसुरी भुंगा. पण त्यानंतर हे थांबले. पडद्यावर पाहुणा तोंड हलवत होता आणि हे थांबले होते. पूर्वी यांचं सगळं कसब आवाजाच्या चढ-उतारात, आता तेच नाही म्हटल्यावर यांनी ते थांबण्यात आणलं. मग, "मी वाट चुकलोय." पुन्हा थांबले. ऑपरेटरने तोंडावर रुमाल धरला होता.

उरलेला सिनेमा आम्ही दोघांनी मिळून बोलला. पाहुणा यांचा, बाकीचं गाव माझं. मी दोनदा चुकले तर यांनी मला सगळ्यांसमोर टोकलं. एरवी मी ऐकून घेतलं नसतं, पण त्या दिवशी मुकाट्याने ऐकलं.

मध्यंतरात मुलगी धावत आली. "काका, मला वाटलं होतं जुन्यात पाहुणे फक्त धमक्या देतात. मूळ सिनेमात तो खरंच पाणी मागतो?"

हे म्हणाले, "माहीत नाही. पण लांबून आला होता."

मग नवा सिनेमा. त्यात पाहुणे एका मिठागरात उतरतात आणि नुसते उभे राहतात. एक बाई रोज त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसते. ना ती बोलते, ना ते. घरी टीव्हीवर असता तर मी झोपले असते. पण शेवटाला त्यांच्यातला एक सावकाश खाली वाकतो आणि तिच्यासारखाच बसतो, बस, एवढंच, आणि माझ्या शेजारची म्हातारी पदर डोळ्यांना लावून बसली होती. मला काही रडू आलं नाही. मी यांच्याकडे बघत होते.

घरी परतताना बस निम्मी रिकामी होती. खिडकीशेजारी बसल्याबरोबर यांनी यंत्र काढलं आणि सुरूच झाले. "ती बाई खुर्ची नेते. एकच. दुसरी न्यायची की. पाहुण्याला कोणी उभं ठेवतं?" मी म्हटलं, "अहो, त्यांचे पाय बघितलेत का? खुर्चीत मावले असते का?" हे म्हणाले, "विचारायचं तरी." मग जुनं चांगलं की नवं चांगलं, यावरून आमची जुंपली. पुढच्या बाकावरचे दोघे वळून वळून बघत होते, कंडक्टर बघत होता, यांना त्याचं काहीच नव्हतं. इतक्या महिन्यांचं साठलेलं बाहेर पडत होतं. मी देवाकडे जे मागितलं तेच शेजारी बसून माझ्याशी वाद घालत होतं. आणि मला एकदम रडू कोसळलं.

हे गप्प होते तोवर मला वाटत होतं, तो आवाज आत आहे. रुसून बसलाय, येईल कधीतरी. आता हे बोलत होते, आणि तो कुठेच नव्हता.

"काय झालं?" यांनी विचारलं.

"तुमचा तो आवाज गेला हो."

हॉस्पिटलातून आल्यापासून आमच्यापैकी कोणी हे तोंडातून काढलं नव्हतं. यांनी यंत्र खाली घेतलं. बस दोन थांबे पुढे गेली. मग पुन्हा गळ्याला लावलं.

"गेला," म्हणाले. आणि मग, "कसा होता?"

"कसा होता म्हणजे? तुमचाच ना?"

"मी आतून ऐकला. बाहेरून तू ऐकलास."

टेप नाही, रेकॉर्ड नाही, कोणी कधी तो भरून ठेवला नव्हता. या माणसाचं तोंडावर कौतुक करायची मला जन्मात सवय नाही. पण मी डोळे पुसले आणि सांगायला लागले. म्हटलं, सकाळी जरा जाड असायचा, दुपारनंतर मोकळा व्हायचा. तुम्ही 'हो' म्हणालात की शेवटी तो खाली उतरायचा, अगदी हळू, झोपलेल्या मुलाला कोणी गादीवर ठेवावं तसा. मला हाक मारताना एक सूर वर लागायचा. हसू येणार असलं की आधी दाटून यायचा, मग मला कळायचं, आता हे हसणार. मोठा कधीच नव्हता, तरी भिंतीतून यायचा. तो ऐकत असले की मला जगात कशाचीच भीती वाटायची नाही.

आमचा थांबा आला. कंडक्टरने घंटी वाजवली, मी पिशवी उचलली. हे उठलेच नाहीत.

"अजून सांग," म्हणाले.